अनेक हात, एकच दप्तर : समांतर आज्ञावलींची गती वाढविण्याचे मार्ग

बीड जिल्ह्यातील खरिपाचे भवितव्य बहुतांशी एका प्रश्नावर अवलंबून असते. पाऊस केव्हा येणार, आणि आल्यानंतर त्यात किती दिवसांचा खंड पडणार? बालाघाटच्या डोंगररांगांनी विभागलेला हा जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. पहिल्या सरींवर विसंबून कापूस, सोयाबीन अथवा तूर पेरावी आणि पुढे पावसाने ओढ द्यावी, म्हणजे दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. पावसाचा अंदाज हा म्हणूनच येथे कुतूहलाचा विषय नसून बियाण्याच्या पिशवीशी निगडित असलेला व्यवहाराचा विषय आहे. आणि हा अंदाज आज ज्या यंत्रावर सिद्ध होतो, त्या यंत्राच्या अंतर्गत कारभाराचा परिचय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना असणे उपयुक्त ठरेल.

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही प्रणाली २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तत्पूर्वीची प्रणाली सुमारे १२ किलोमीटर अंतरावरील बिंदूंचा हिशेब करीत असे. नवी प्रणाली ६ किलोमीटर अंतरावरील बिंदूंचा करते. बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आहे. १२ किलोमीटर बाजूच्या चौकटी आखल्या तर जिल्हा सुमारे ७४ चौकटींत बसतो. ६ किलोमीटरच्या आखल्या तर सुमारे २९७ चौकटी होतात. आष्टी आणि अंबाजोगाई यांचे अंदाज पूर्वीही वेगळे निघत. आता काही थोड्या ग्रामपंचायतींच्या समूहापर्यंत हा विचार पोहोचू शकतो.

परंतु या बारकाव्याचे मोल द्यावे लागते. बिंदूंमधील अंतर निम्मे केले की बिंदूंची संख्या चौपट होते. शिवाय हिशेब बिघडू नये म्हणून काळाची पावलेही सुमारे निम्मी लहान करावी लागतात. म्हणजे एकूण काम स्थूलमानाने आठपट वाढते. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा तयार झाला तर तो कितीही अचूक असला तरी निरुपयोगीच होय. तेव्हा आठपट काम तेवढ्याच अवधीत उरकावयाचे, तर अनेक प्रक्रियकांनी एकाच वेळी ते वाटून घ्यावयास हवे. यालाच समांतर संगणन म्हणतात.

समाईक स्मृती म्हणजे काय?

समांतर संगणक दोन प्रकारांनी रचता येतो. पहिल्या प्रकारात प्रत्येक प्रक्रियकाला स्वतःची स्वतंत्र स्मृती असते आणि एकमेकांस निरोप पाठवून काम चालते. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये सिद्ध केलेला 'परम ८०००' हा या जातीचा होता. दुसऱ्या प्रकारात अनेक प्रक्रियक एकाच समाईक स्मृतीवर काम करतात. पहिल्या प्रकाराला वेगवेगळ्या गावच्या कचेऱ्यांमधील टपालव्यवहाराची उपमा देता येईल, तर दुसऱ्याला एकाच कचेरीत एकच दप्तर वापरणाऱ्या अनेक लेखनिकांची.

आजच्या महासंगणकांत या दोन्ही पद्धतींचा संगम असतो. २००३ मधील 'परम पद्म' या संगणकात चार-चार प्रक्रियकांचे ५४ घटक आणि ३२ प्रक्रियकांचा एक मोठा घटक होता. प्रत्येक घटकाच्या आत स्मृती समाईक, आणि घटकाघटकांमध्ये निरोपांची देवघेव. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'प्रत्युष' या महासंगणकाच्या प्रत्येक घटकात ३६ गाभे, म्हणजे नित्याच्या भाषेत 'कोअर', होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत आलेल्या 'अर्क' या महासंगणकाची कमाल क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे एका सेकंदात एकावर पंधरा शून्ये इतक्या गणितक्रिया.

ही गोष्ट पुण्यापुरती मर्यादित नाही. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत आणि तहसील कार्यालयाच्या मेजावर जो संगणक आज असतो, त्यातही साधारणपणे चार, सहा वा आठ गाभे एकाच समाईक स्मृतीवर काम करीत असतात. १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'ओपनएमपी' या प्रमाणपद्धतीनुसार आज्ञावलीतील फेऱ्याच्या वर एक सूचना लिहिली की त्या फेऱ्याचे काम अनेक गाभ्यांत वाटले जाते. काम वाटणे सोपे झाले आहे. मात्र काम वाटले म्हणजे वेळ वाचला, असे होत नाही; आणि या लेखाचा विषय तोच आहे. आठ गाभे लावूनही काम दुप्पटदेखील वेगाने होत नाही, असा अनुभव वारंवार येतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे क्रमाने पाहू.

न वाटता येणारे काम

१९६७ मध्ये जीन अम्डाल या संगणकतज्ज्ञाने एक साधा पण कठोर नियम दाखवून दिला. समजा, एखाद्या आज्ञावलीस एका गाभ्यावर ६० मिनिटे लागतात. त्यांपैकी ६ मिनिटांचे काम, उदाहरणार्थ माहिती वाचून घेणे आणि शेवटी फल लिहिणे, एकट्यानेच करावयाचे आहे. उरलेले ५४ मिनिटांचे काम वाटता येते. आठ गाभे लावले तर ६ अधिक पावणेसात, असा पावणेतेरा मिनिटांचा वेळ लागेल. म्हणजे गती आठपट न होता सुमारे पावणेपाचपट होईल. ३६ गाभे लावले तर ६ अधिक दीड, म्हणजे साडेसात मिनिटे. गती केवळ आठपट. गाभ्यांची संख्या कितीही वाढविली तरी ती ६ मिनिटे कमी होत नाहीत, म्हणून दहापटीपलीकडे गती जाणार नाही.

उलट, ३६ गाभे तेवढेच ठेवून ते ६ मिनिटांचे काम ३ मिनिटांवर आणले तर एकूण वेळ साडेचार मिनिटांवर येतो. तात्पर्य, नवे यंत्र मागविण्यापूर्वी न वाटलेल्या कामाकडे पाहावे. माहिती अक्षररूपाऐवजी अंकांच्या मूळ द्विमान रूपात साठविणे, तीच संचिका पुनःपुन्हा न वाचणे, यांसारख्या साध्या सुधारणांचा लाभ पुष्कळदा अधिक प्रक्रियकांच्या लाभापेक्षा मोठा असतो.

एक उदाहरण : पावसाचा खंड

पुढील विवेचनासाठी एक कल्पित अभ्यास घेऊ. समजा, बीड जिल्ह्याच्या २९७ चौकटींची तासागणिक पर्जन्यनोंद ३० वर्षांसाठी उपलब्ध आहे, आणि प्रत्येक चौकटीत पावसाळ्यातील सर्वांत दीर्घ खंड किती दिवसांचा होता, हे दरवर्षी काढावयाचे आहे. एका वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वर्षाला २६,०१,७२० आणि ३० वर्षांत ७,८०,५१,६०० नोंदी. प्रत्येक नोंदीस ८ बाइट धरले तर सुमारे ६२ कोटी बाइट माहिती होते. प्रत्येक चौकटीचे काम स्वतंत्र आहे, त्यामुळे ते वाटण्यास उत्तम. आठ गाभ्यांत २९७ चौकटी वाटल्या तर सात गाभ्यांना प्रत्येकी ३७ आणि एकाला ३८ येतील.

वाटणी करताना पहिली दक्षता ही की, ती बाहेरच्या फेऱ्यावर करावी. एकेका चौकटीचे तास आठ जणांत वाटले तर प्रत्येक चौकटीनंतर आठही जणांना एकमेकांसाठी थांबावे लागेल आणि ही थांबणूक हजारो वेळा होईल. चौकटीच वाटून दिल्या तर सर्वांनी शेवटी एकदाच एकत्र येणे पुरते.

चुकीची बेरीज आणि कुलूप

आता या चौकटींवरून जिल्ह्याच्या एकूण पावसाची बेरीज करावयाची आहे असे समजू. दप्तरात बेरजेची एकच जागा आहे आणि तीत ४० हा आकडा आहे. एक लेखनिक ४० वाचून त्यात १० मिळवितो. त्याच क्षणी दुसराही ४० वाचून त्यात २० मिळवितो. पहिला ५० लिहितो, दुसरा त्यावर ६० लिहितो. खरी बेरीज ७० असताना दप्तरी ६० राहते. हा दोष घातक अशासाठी की, तो प्रत्येक वेळी दिसत नाही. दहा वेळा उत्तर बरोबर येते आणि अकराव्या वेळी चुकते.

यावर कुलूप हा उपाय आहे. एक लेखनिक लिहीत असता दुसऱ्याने थांबावे. उत्तर बरोबर येते, पण प्रत्येक नोंदीसाठी कुलूप लावले तर आठ जणांपैकी सात जण दाराशी रांगेत उभे राहतात आणि काम एका माणसाच्या कामाहूनही मंद होऊ शकते. योग्य मार्ग हा की, प्रत्येकाने आपल्या चौकटींची बेरीज आपल्याजवळच्या स्वतंत्र कागदावर करावी आणि अखेरीस आठ बेरजा एकदाच मिळवाव्यात. ओपनएमपीमध्ये यासाठी 'रिडक्शन' ही तयार सोय आहे. मात्र अपूर्णांकांची बेरीज वेगळ्या क्रमाने झाल्यामुळे अखेरच्या दशांशस्थळी किंचित फरक पडू शकतो. तो दोष नव्हे. परंतु तपासणीच्या वेळी त्याची जाणीव असावी.

एकाच पानावर दोन लेखनिक

पुढील अडचण अधिक फसवी आहे. प्रत्येक गाभ्याजवळ आकाराने लहान पण अतिशय शीघ्र अशी निकटस्मृती असते. तिला 'कॅश' म्हणतात. मुख्य स्मृतीतून निकटस्मृतीत माहिती एकेक अंकाने येत नाही. नेहमीच्या बहुतेक संगणकांत ती ६४ बाइटांच्या, म्हणजे ८ बाइटांच्या आठ अंकांच्या, तुकड्याने येते. या तुकड्यास आपण दप्तराचे पान म्हणू. एका गाभ्याने पानावर काही लिहिले की दुसऱ्या गाभ्याजवळची त्याच पानाची प्रत रद्द होते आणि त्याला ते पान पुन्हा मागवावे लागते.

बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. अकरा तालुक्यांच्या बेरजा एकापुढे एक ठेवल्या तर त्यांना केवळ ८८ बाइट लागतात. म्हणजे त्या दोन किंवा फार तर तीन पानांत मावतात. गेवराईची बेरीज एक गाभा करीत आहे आणि माजलगावची दुसरा. दोघांचा एकमेकांच्या आकड्यांशी काहीही संबंध नाही. तरीही दोन्ही आकडे एकाच पानावर असल्यामुळे ते पान प्रत्येक नोंदीगणिक या मेजावरून त्या मेजावर फिरत राहते. उत्तर अचूक येते, चूक कोठेही दिसत नाही, फक्त वेळ वाया जातो. उपाय सोपा आहे. चालू बेरीज प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवून शेवटी एकदाच तक्त्यात लिहावी. किंवा प्रत्येक तालुक्यास स्वतंत्र पान द्यावे. अकरा पानांना एकूण ७०४ बाइट लागतील. आजच्या स्मृतीच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

एक विहीर, अनेक मोटारी

विहिरीवर एकाऐवजी चार मोटारी बसविल्या म्हणून झरा चौपट होत नाही, हे बीडच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. समाईक स्मृतीचेही तसेच आहे. गाभे वाढतात, पण स्मृतीतून दर सेकंदास बाहेर येणारी माहिती त्या प्रमाणात वाढत नाही. एका मर्यादेनंतर नवे गाभे माहितीची वाट पाहत स्वस्थ बसतात.

येथे उपाय म्हणजे आलेल्या माहितीचा पुरेपूर वापर. आपल्या उदाहरणात नोंदी तासांच्या क्रमाने साठविल्या असतील, म्हणजे पहिल्या तासाच्या २९७ चौकटी, मग दुसऱ्या तासाच्या २९७, अशा असतील, तर एका चौकटीचा खंड मोजताना प्रत्येक पावलास २,३७६ बाइटांची उडी मारावी लागेल. प्रत्येक उडीला आठ अंकांचे पान येईल आणि त्यातला एकच अंक कामी येईल. हीच माहिती प्रथम चौकटवार मांडून घेतली तर एका पानातील आठही अंक लागोपाठ वापरले जातात. एकाच चौकटीसाठी खंड, एकूण पाऊस आणि पावसाचे दिवस अशा तीन गोष्टी काढावयाच्या असतील तर तीन वेळा दप्तर चाळण्याऐवजी एकाच वाचनात तिन्ही काढाव्यात. गाभे वाढविण्यापूर्वी हे करावे. याचा लाभ एका गाभ्यावरही मिळतो.

मोठ्या संगणकांत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. 'प्रत्युष'च्या एका घटकात १८-१८ गाभ्यांचे दोन प्रक्रियक होते आणि प्रत्येकाजवळ स्मृतीचा आपापला भाग. स्मृती सर्वांची असली तरी जवळची लवकर मिळते, दूरची उशिरा. जसे, आष्टीच्या शाळांचे धान्य अंबाजोगाईच्या कोठारात ठेवले तर ते मिळते, पण वाहतुकीत दिवस जातो. सामान्यतः जो गाभा स्मृतीच्या एखाद्या भागात प्रथम लिहितो, त्याच्याजवळ तो भाग ठेवला जातो. म्हणून माहितीचा तक्ता प्रारंभी शून्य करण्याचे कामदेखील एकाच गाभ्याने न करता, पुढे ज्याने जो भाग वापरावयाचा त्यानेच तो मांडावा.

वाटणी संख्येने की श्रमाने?

बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडणीस जातात. त्यांना ठाऊक आहे की, दोन पट्टे लांबीने सारखे असले तरी एकातील ऊस दाट आणि दुसऱ्यातील विरळ असू शकतो. आणि टोळीची गाडी शेवटची मोळी आल्याखेरीज भरत नाही. समांतर आज्ञावलीही सर्वांत मागे राहिलेल्या गाभ्यासाठी थांबते.

हवामानाच्या प्रणालीत असे वारंवार घडते. सूर्यप्रकाशाच्या प्रारणाचा हिशेब दिवस असलेल्या भागासाठीच करावा लागतो. ढग व पाऊस असलेल्या भागाचे गणित निरभ्र भागापेक्षा अधिक असते. अशा वेळी आरंभीच समान संख्येने वाटणी करण्यापेक्षा, ज्याचे काम संपेल त्याने पुढचा वाटा उचलावा, अशी व्यवस्था हितावह ठरते. ओपनएमपीमध्ये पहिल्या पद्धतीस 'स्टॅटिक' आणि दुसरीस 'डायनॅमिक' म्हणतात. मात्र दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक वाटा मागण्यास थोडा वेळ जातो. वाटे फार लहान केले तर मागण्यातच वेळ जातो आणि फार मोठे केले तर पुन्हा विषमता उरते. आपल्या खंडाच्या उदाहरणात प्रत्येक चौकटीचे श्रम जवळजवळ सारखेच असल्याने स्थिर वाटणी पुरेशी आहे. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा प्रश्न तत्त्वाचा नसून कामाच्या स्वरूपाचा आहे.

आधी मोजमाप, मग उपाय

वरील सर्व उपाय एकाच आज्ञावलीस लागू पडतील असे नाही. कोणता उपाय योजावा हे अंदाजाने न ठरविता मोजून ठरवावे. प्रथम एका गाभ्यावर आज्ञावली चालवून वेळ आणि उत्तर दोन्ही नोंदवून ठेवावे. नंतर दोन, चार, आठ गाभ्यांवर तीच माहिती देऊन, प्रत्येक वेळी निदान तीनदा चालवून, वेळ टिपावी आणि उत्तर पहिल्याशी ताडून पाहावे. समजा, एका गाभ्यावर ८० सेकंद, दोनवर ४२, चारवर २४ आणि आठवर २० लागले. चार गाभ्यांपर्यंत सुमारे ८३ टक्के क्षमता कामी आली. आठवर केवळ ५० टक्के. याचा अर्थ चारच्या पुढे कोठेतरी वाट पाहणे सुरू झाले आहे. ते कुलुपाशी आहे, पानांच्या फिरण्यात आहे, स्मृतीच्या पुरवठ्यात आहे की विषम वाटणीत, हे शोधावे. एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. दोन बदल एकत्र केले तर कोणता फळला ते कळत नाही.

लाभ कोणाचा?

गती वाढली म्हणून अंदाज आपोआप अचूक होतो, असा समज होऊ देऊ नये. परंतु वाचलेल्या वेळात तोच अंदाज आरंभीच्या स्थितीत किंचित फरक करून अनेक वेळा काढता येतो. त्यांपैकी बहुतेकांत पाऊस असेल तर खात्री अधिक, मतभेद असतील तर सावधगिरी अधिक. 'पाऊस येईल' या विधानापेक्षा 'पाऊस येण्याची शक्यता इतकी' हे विधान पेरणीचा निर्णय घेणाऱ्यास अधिक प्रामाणिक आधार देते. ग्रामसभेत हवामानाचा सल्ला वाचून दाखविताना पंचायत सदस्यांनी शक्यतेचा हा अर्थ समजावून सांगितला, तर पहिल्या सरीवर घाईने होणारी पेरणी काही अंशी तरी टळू शकेल.

अधिकारीवर्गास यातून एक व्यावहारिक सूचना मिळते. संगणक मंद आहे अशी तक्रार आली की नव्या यंत्राचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी, एक, दोन, चार आणि आठ गाभ्यांवर लागलेल्या वेळेचा तक्ता मागवावा. वेळ उतरत असेल तर नवे यंत्र उपकारक ठरेल; चारच्या पुढे ती थांबली असेल तर पैसा यंत्रावर न घालता आज्ञावलीच्या दुरुस्तीवर आणि ती करणाऱ्यांच्या प्रशिक्षणावर घालावा.

शिक्षकांसाठी तर हा विषय प्रयोगशाळेत आहे त्या सामग्रीवर शिकविता येण्याजोगा आहे. आपल्या तालुक्याच्या पर्जन्यनोंदी घ्याव्यात, विद्यार्थ्यांकडून खंड मोजणारी लहान आज्ञावली लिहवून घ्यावी, अकरा बेरजा प्रथम एकाच पानावर आणि नंतर वेगवेगळ्या पानांवर ठेवून वेळेतील फरक त्यांनाच मोजू द्यावा. आपल्याच गावच्या पावसाचे आकडे हाताळताना शिकलेला हा धडा, उद्या पुण्याच्या महासंगणकावर काम करण्याची संधी मिळाल्यास त्या विद्यार्थ्यास पुन्हा शिकावा लागणार नाही.